भिंतीवरचं नाव आणि टाकीतलं पेट्रोल

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बरच्या पंखांत पेट्रोलच्या सहा टाक्या असत, प्रत्येक बाजूला तीन. विमानाच्या धडालगतची एक नंबरची टाकी ५८० गॅलनची, तिच्या पलीकडची दोन नंबरची ३८३ गॅलनची आणि पंखाच्या टोकाकडची तीन नंबरची ११४ गॅलनची. दोन्ही बाजू मिळून २,१५४ इम्पीरियल गॅलन. वजनात सांगायचं तर साडेपंधरा हजार पौंड, म्हणजे सात टन. हा सात टनांचा हिशेब रात्रभर ठेवायचा, चार इंजिनांची नाडी बघत राहायची आणि काही बिघडलं तर काही सेकंदांत निर्णय घ्यायचा, हे काम वैमानिकाच्या उजव्या हाताला घडीच्या सीटवर बसणाऱ्या फ्लाइट इंजिनिअरचं. पुष्कळदा तो एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा असे.

रॉयल कॅनेडियन एअर फोर्समधल्या या पोरांची आठवण कॅनडात आज ठेवली जात नाही असं नाही. अल्बर्टा प्रांतातल्या नॅन्टन गावी बॉम्बर कमांडचं, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बहल्ले करणाऱ्या विभागाचं, संग्रहालय आहे आणि तिथल्या काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर मारल्या गेलेल्या १०,००० हून अधिक कॅनेडियनांची नावं कोरली आहेत. २०१३ साली सरकारने जुन्या सेवापदकावर लावायची बॉम्बर कमांडची खास पट्टीही दिली. १९४४ साली एकोणीस वर्षांचा असलेला माणूस तेव्हा अठ्ठ्याऐंशीचा झाला होता. उशीर हा भाग वेगळाच. माझा आक्षेप या सन्मानाच्या आशयावर आहे. त्यात त्या माणसाने नेमकं काय केलं, हे कुठेच सांगितलेलं नाही. काम सांगायचं म्हटलं की त्या कामाचा परिणामही सांगावा लागतो, आणि तिथे सगळे अडखळतात. म्हणून ‘शौर्य’, ‘त्याग’ असे शब्द पुढे केले जातात आणि काम आणि परिणाम दोन्ही मागे पडतात.

आधी संख्या बघू. डिसेंबर १९३९ मध्ये करार झालेल्या ब्रिटिश कॉमनवेल्थ एअर ट्रेनिंग प्लॅनखाली कॅनडात १,३१,५५३ विमानकर्मी तयार झाले. त्यांतले ७२,८३५ कॅनडाच्या हवाई दलाचे. त्यांत वैमानिक २५,७४७ आणि फ्लाइट इंजिनिअर फक्त १,९१३. इतके कमी का, याचं कारण साधं आहे. योजना आखली तेव्हा हा हुद्दाच नव्हता. चार इंजिनांचे बॉम्बर स्क्वाड्रनमध्ये आले, १९४२ मध्ये दुसऱ्या वैमानिकाची जागा रद्द झाली आणि तिथे इंजिनं कळणारा माणूस बसवण्यात आला. सुरुवातीला जमिनीवरच्या फिटर-मेकॅनिकांतूनच निवड होई आणि त्यांचं शिक्षण वेल्समधल्या सेंट ॲथन इथे चाले. ऑन्टारियोतल्या एल्मर इथे कॅनडाची स्वतःची शाळा उघडेपर्यंत १९४४ उजाडलं. त्यामुळे १ जानेवारी १९४३ ला यॉर्कशरमध्ये उभ्या राहिलेल्या, बॉम्बर कमांडमधल्या कॅनडाच्या सहाव्या ग्रुपमध्येसुद्धा बहुतेक फ्लाइट इंजिनिअर ब्रिटिश होते. कॅनडाच्या सर्वांत प्रसिद्ध क्रूमध्ये, म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या अँड्र्यू मिनार्स्कीच्या क्रूमध्ये, हेच होतं. कॅनडाचा फ्लाइट इंजिनिअर हा कॅनडाच्याच स्क्वाड्रनमध्ये विरळा माणूस होता.

शिवाय तो क्रूमध्ये शेवटी यायचा. वैमानिक, नॅव्हिगेटर, बॉम्ब एमर, वायरलेस ऑपरेटर आणि गनर ऑपरेशनल ट्रेनिंग युनिटमध्ये दोन इंजिनांच्या विमानावर एकत्र घडलेले असत. चार इंजिनांवर बदली होताना, टॉपक्लिफ, डिशफर्थ किंवा वॉम्बल्टनच्या हेवी कन्व्हर्जन युनिटमध्ये, त्यांना फ्लाइट इंजिनिअर मिळे. जमलेल्या घरात नव्याने आलेल्या माणसासारखी त्याची गत. काही आठवड्यांत त्याने सगळ्यांचा भरवसा मिळवायचा.

आता काम. टेक-ऑफला पूर्ण भरलेलं लँकेस्टर पासष्ट हजार पौंडांच्या घरात असे. थ्रॉटल पुढे नेले की विमान डावीकडे ओढ घेतं, म्हणून वैमानिक डाव्या बाजूचे थ्रॉटल जरा पुढे ठेवून ते सरळ राखतो. शेपूट उचललं गेलं आणि रडरला पकड आली की त्याला दोन्ही हात कंट्रोल कॉलमवर हवे असतात. तेव्हा थ्रॉटल फ्लाइट इंजिनिअरच्या तळहातात येतात. चारही शेवटपर्यंत रेटायचे, ३,००० आरपीएम आणि इंजिनाच्या मॉडेलप्रमाणे १४ ते १८ पौंड बूस्ट (इंजिनात रेटलेल्या हवेचा दाब) मिळतोय का ते बघायचं आणि घर्षणाचा चाप घट्ट करायचा. हा चाप सैल राहिला तर इंजिनांच्या थरथराटाने थ्रॉटल आपोआप मागे सरकतो. बाहेरच्या इंजिनाची ताकद अशा वेळी उतरली तर पंख खाली जातो, आणि विमान तर पेट्रोल आणि बॉम्बनी भरलेलं असतं. जमीन सुटल्यावर वैमानिकाने सांगितलं की चाकं वर, मग फ्लॅप थोडेथोडे वर. फ्लॅप एकदम उचलले तर विमान दबतं. हे सगळं मिनिटाभरात आणि काळोखात.

पुढचे सहा-सात तास हिशेबाचे. एका बाजूची दोन्ही इंजिनं निवडलेल्या एकाच टाकीवर चालतात, एक नंबर किंवा दोन नंबर. तीन नंबरची टाकी इंजिनाला थेट जोडलेलीच नाही. तिच्यातलं पेट्रोल आधी दोन नंबरमध्ये उतरवावं लागतं. दोन नंबरमध्ये ११४ गॅलनची जागा झाल्याशिवाय कॉक उघडला तर पेट्रोल व्हेंटमधून बाहेर जातं. फार उशीर केला आणि मध्येच टोकाकडचा पंख फुटला तर ते कधीच मिळत नाही. टाकी कोरडी होऊ दिली तर त्या बाजूची दोन्ही इंजिनं खोकत बंद पडतात, म्हणून थोडं शिल्लक असतानाच दुसरी टाकी लावायची. गेजवर विसंबता येत नाही, कारण विमान सपाट उडत असेल तेव्हाच गेज खरं बोलतं. म्हणून आरपीएम, बूस्ट, उंची आणि वेळ यांच्यावरून तक्त्यातून खप काढायचा आणि दर वीस-तीस मिनिटांनी लॉगमध्ये लिहायचा. उणे तीस अंशांत, हातमोज्यांवरून पेन्सिल धरून.

चारही मर्लिन इंजिनं मिळून तासाला ढोबळमानाने २०० गॅलन पीत. हिशेबात तासाला वीस गॅलनची चूक राहिली तर सात तासांत १४० गॅलन जातात, म्हणजे चाळीस मिनिटांचं उड्डाण. जर्मनीहून परतताना शेवटची चाळीस मिनिटं बहुतेक वेळा उत्तर समुद्रावर असायची.

एक प्रसंग जवळून बघू, कारण या माणसाचं मोल इथे कळतं. समजा, विमानविरोधी तोफेच्या तुकड्याने डाव्या बाजूची एक नंबरची टाकी फुटली. तिच्यात ३०० गॅलन आहेत आणि रबरी अस्तराने भोक बुजलं नाही. गळती मिनिटाला पाच गॅलन. घाबरलेला माणूस दुसरी टाकी लावून फुटकी सोडून देईल आणि ३०० गॅलन गमावेल. शिकलेला फ्लाइट इंजिनिअर उलट करतो. फुटक्या टाकीवरच चालायचं. फक्त डावी दोन इंजिनं तिच्यावर ठेवली तर ती पंचेचाळीस मिनिटांत रिकामी होते आणि ७५ गॅलन पदरात पडतात. मधला क्रॉस-फीड कॉक उघडून उजवी दोन इंजिनंही तिच्यावरच घेतली तर ती छत्तीस मिनिटांत संपते, पण १२० गॅलन कामी येतात. फरक ४५ गॅलनचा, साडेतेरा मिनिटांचा, सुमारे चाळीस मैलांचा. हे गणित शाळकरी आहे. पण ते सर्चलाइट डोळ्यांवर असताना आणि पेट्रोलचा वास कॉकपिटपर्यंत येत असताना करायचं होतं.

इंजिन पेटलं तर क्रम ठरलेला. थ्रॉटल मागे, फेदरिंगचं, म्हणजे पंख्याची पाती वाऱ्याला समांतर करण्याचं, बटण दाबायचं आणि ते स्वतःहून आत राहीपर्यंत धरून ठेवायचं, पेट्रोलचा कॉक बंद, पंखा थांबत आला की इग्निशन बंद, आणि मग आग विझवणाऱ्या बाटलीचं बटण. बाटली प्रत्येक इंजिनाला एकच. पंखा फिरत असताना ती वापरली तर हवेचा झोत सगळं उडवून नेतो आणि दुसरी संधी मिळत नाही. फेदरिंगला तेलाचा दाब लागतो. म्हणून तेल गळत असेल तर सगळं संपण्याआधीच फेदर करायला हवं. नाहीतर पंखा वाऱ्याने फिरतच राहतो, विमानाला मागे खेचतो आणि घर्षणाने पुन्हा पेट घेऊ शकतो. शीतक गळत असेल तर तापमानाचा काटा आधी चढतो आणि मग चक्क खाली येतो. नवखा म्हणतो, बरं झालं, थंड झालं. प्रत्यक्षात मोजायला द्रवच उरलेला नसतो.

आणखी एक गोष्ट, जी पदकांच्या प्रशस्तिपत्रांत सहसा येत नाही. शेपटीकडच्या गनरचा टरेट (बंदुकांचा फिरता घुमट) फिरवणारा हायड्रॉलिक पंप डाव्या बाहेरच्या इंजिनावर होता. ते इंजिन बंद करायचं म्हणजे मागच्या माणसाला जवळजवळ हातानेच टरेट फिरवायला लावायचं, तेही रात्रीची लढाऊ विमानं मागूनच येत असताना. १३ जून १९४४ च्या पहाटे फ्रान्समधल्या कँब्रेवर मिनार्स्कीच्या विमानाची डावी दोन्ही इंजिनं गेली आणि मागच्या गनरचा टरेट अडकला, तो याच जोडणीमुळे. त्याला सोडवायला मिनार्स्की आगीतून मागे गेला आणि भाजून मेला. गनर मात्र वाचला. ही कथा कॅनडात प्रत्येक शाळेत सांगितली तरी हरकत नाही. पण पंपाची जोडणी सांगितल्याशिवाय ती अर्धीच कळते.

आता वादाच्या मुद्द्याकडे येतो. २००७ साली ओटावातल्या कॅनेडियन वॉर म्युझियममधल्या एका छोट्या फलकावरून मोठं वादळ उठलं. बॉम्बहल्ल्यांची उपयुक्तता आणि नैतिकता यांवर अजून कडवा वाद आहे, हल्ल्यांत सहा लाख जर्मन मेले, पन्नास लाखांहून अधिक बेघर झाले आणि जर्मन युद्धोत्पादन युद्धाच्या अखेरीपर्यंत फारसं घटलं नाही, अशा आशयाचा मजकूर त्यावर होता. माजी सैनिकांच्या संघटनांनी हरकत घेतली. संग्रहालयाने बाहेरच्या चार इतिहासकारांची मतं घेतली. सिनेटची उपसमिती मध्ये पडली, संग्रहालयाचे संचालक पायउतार झाले आणि त्याच वर्षी मजकूर बदलून लांब आणि मवाळ करण्यात आला.

त्या म्हाताऱ्यांचं दुःख मी हलकं मानत नाही. बॉम्बर कमांडच्या सव्वा लाख विमानकर्म्यांपैकी ५५,५७३ मेले. शंभरातले चव्वेचाळीस. तीस मोहिमांची एक फेरी पुरी करणं ही नशिबाची गोष्ट होती. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्युरेंबर्गच्या एकाच हल्ल्यात नव्वदहून अधिक विमानं परत आली नाहीत. ज्याने रात्रीमागून रात्री शेजारची रिकामी खाट बघितली, त्याला साठ वर्षांनी भिंतीवर आपल्या कामाचा असा जमाखर्च वाचायला लागला, तर तो चिडणारच. फलकात उणिवाही होत्या. जर्मनीला हजारो विमानविरोधी तोफा आणि लढाऊ विमानं रशियन आघाडीऐवजी स्वतःच्या शहरांवर गुंतवावी लागली, हे त्यात यायला हवं होतं. हुकूम कुणाचा होता हेही यायला हवं होतं. शहरांवर सरसकट हल्ल्यांचा आदेश १४ फेब्रुवारी १९४२ रोजी लंडनच्या हवाई मंत्रालयातून निघाला. लक्ष्यं हाय विकमच्या मुख्यालयात ठरत. कॅनडाच्या सरकारचाही त्यात म्हणण्यासारखा वाटा नव्हता, एकोणीस वर्षांच्या सार्जंटचा तर प्रश्नच नाही.

पण उणिवा भरून काढणं वेगळं आणि कुणाला टोचू नये म्हणून धार काढून टाकणं वेगळं. २००७ मध्ये दुसरं झालं आणि ते चूक होतं. त्यावेळी फलक बदलण्याच्या बाजूने केलेला एक युक्तिवाद मला विशेष खटकतो, तो असा: ही मुलं यंत्रातले खिळे होती, खाली काय पडतं याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. हा बचाव नाही, अपमान आहे. ज्याच्या हिशेबावाचून विमान बर्लिनला जाऊन परत येऊ शकत नव्हतं, त्याचा बर्लिनशी संबंध नव्हता असं म्हणता येत नाही. विजयासाठी त्याचं कौशल्य अत्यावश्यक होतं आणि विध्वंसात मात्र त्याचं अस्तित्वच नव्हतं, ही दोन वाक्यं एकाच तोंडी शोभत नाहीत. हॅम्बर्गमध्ये जुलै १९४३ च्या आगीत तीस हजारांहून अधिक माणसं मेली. ती आग लावणारी विमानं कुणीतरी तिथवर नेली होती आणि त्यांची इंजिनं कुणीतरी नीट चालती ठेवली होती. याचा अर्थ तो खुनी ठरतो असं मुळीच नाही. ज्यांना तसं म्हणायचं असेल त्यांनी बोट हुकमाच्या कागदावरच्या सह्यांकडे दाखवावं. अर्थ एवढाच की तो जाणता कारागीर होता, आणि जाणत्या माणसाबद्दल पूर्ण वाक्यात बोलावं लागतं.

त्या पोरांनी स्वतः काही लपवलं नव्हतं. त्यांची लॉगबुकं उघडून बघा. रात्रीची उड्डाणं लाल शाईत लिहायची पद्धत होती. तारीख, विमानाचा क्रमांक, वैमानिकाचं नाव, आपलं काम, मग ‘ऑप्स’, म्हणजे मोहीम, आणि शहराचं नाव, शेवटी तास-मिनिटं. एसेन, डुइसबर्ग, स्टुटगार्ट, लाल शाईत, एकाखाली एक. हे पान संग्रहालयातल्या कुठल्याही फलकापेक्षा प्रामाणिक आहे, आणि ते लिहिणाऱ्याला त्याची लाज वाटली नव्हती.

कॅनडाला या माणसाची खरीच कदर असेल तर एका अन्यायाबद्दल बोलायला हवं, ज्याची चर्चा फलकाच्या गदारोळात कुणी केली नाही. एका विमानात सात माणसं, एकच धोका, पण हुद्दे वेगळे. मे-जून १९४२ मध्ये ओटावाच्या हवाई प्रशिक्षण परिषदेत कॅनडाने भूमिका घेतली होती की सगळ्याच विमानकर्म्यांना अफसराचा दर्जा मिळावा, कारण धोका सारखा आहे आणि एका क्रूच्या माणसांनी दोन वेगळ्या मेसमध्ये जेवणं बरं नव्हे. ब्रिटनने मानलं नाही. नेतृत्वगुण असतील त्यालाच कमिशन, हा त्यांचा हेका. कॅनडाची भूमिका बरोबर होती आणि ती न मानल्याची सर्वांत जास्त झळ फ्लाइट इंजिनिअरला लागली, कारण तो कारखान्यातून, गॅरेजमधून, शेतावरच्या ट्रॅक्टरवरून आलेला असे आणि बहुतेक वेळा सार्जंट म्हणूनच राही. पदकंही हुद्द्यावरून ठरत. अफसराला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, सार्जंटला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल. क्रॉस वीस हजारांहून अधिक दिले गेले, मेडल साडेसहा हजारांच्या आसपास. पकडले गेल्यावर छावण्याही वेगळ्या. ब्रिटनने हा पदकांतला भेद १९९३ मध्ये संपवला. तो चूक होता याची याहून मोठी कबुली नको.

टोरोंटोच्या पिअर्सन विमानतळावर आज शेकडो मराठी मुलं शिकायला उतरतात, ब्रॅम्प्टन-मिसिसागात भाड्याने राहतात. तो विमानतळ म्हणजे जुनं माल्टन. त्याच्या लगतच्या व्हिक्टरी एअरक्राफ्टच्या कारखान्यात ऑगस्ट १९४३ पासून ४३० लँकेस्टर तयार झाली. त्यांतली मोजकीच आज शिल्लक आहेत. एक हॅमिल्टनच्या कॅनेडियन वॉरप्लेन हेरिटेज म्युझियममध्ये अजून उडतं, नॅन्टनच्या विमानाची इंजिनं सुरू करून दाखवतात, ओटावातही एक आहे. ट्रेंटनला नॉर्वेतल्या सरोवराच्या तळातून काढून पुन्हा उभारलेलं हॅलिफॅक्स, म्हणजे चार इंजिनांचं दुसरं बॉम्बर, आहे. हॅलिफॅक्समध्ये फ्लाइट इंजिनिअर वैमानिकाच्या शेजारी नसून मागे, आपल्या वेगळ्या पॅनेलसमोर बसे, तोही फरक तिथे बघण्यासारखा आहे. साधनं आहेत, जागा आहे. कमी आहे ती मांडणी.

मांडणी अशी करावी. उजव्या भिंतीवरच्या पॅनेलसमोर एका खऱ्या रात्रीचा इंजिनिअरचा लॉग पूर्ण लावावा: कुठल्या वेळी कुठली टाकी, किती आरपीएम, किती बूस्ट, किती शिल्लक. त्याखाली त्या टाक्यांच्या कॉकची चालती प्रतिकृती ठेवावी, म्हणजे बघणाऱ्याला फुटक्या टाकीचं गणित स्वतः करता येईल. शेजारी त्याच रात्रीचा, त्याच शहराचा नकाशा, किती एकर जळलं आणि किती माणसं मेली यांच्या जर्मन नोंदींसह. तिसऱ्या चौकटीत त्या रात्रीचा हुकूम, त्यावर कुणाची सही आहे ते दिसेल असा. चौथ्यात त्या विमानाच्या सातही जणांची नावं, हुद्दे आणि पुढे काय झालं ते. चारही एकाच भिंतीवर, एकाच आकाराच्या अक्षरांत. २००७ चा जुना फलक त्यात बसवायला माझी हरकत नाही, पण तेव्हा त्यावर वाद कशासाठी झाला हेही तिथेच लिहिलेलं असावं.

त्या लॉगच्या शेवटी उतरल्यानंतरची एक ओळ असते. टाक्यांत किती शिल्लक राहिलं ती. ग्राउंड क्रूला इंजिनांच्या तक्रारी सांगून झाल्या की फ्लाइट इंजिनिअर आपल्या अंदाजाचा आकडा टाकीत प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्याशी ताडून बघे, आणि पुढच्या रात्रीसाठी त्या विमानाची खोड ध्यानात ठेवी: याची उजवी आतली जरा जास्त पिते, याचं दोन नंबरचं गेज वीस गॅलन जास्त दाखवतं.